वेअरेबल रोबोटिक्ससाठी बाहेर जायचंय ना, मग आधी शिवणमशीन शिक

अगं तुझा प्रश्न परवा रात्री वाचला, दोन ओळी लिहून झोपावं म्हटलं तर ते जमेना, म्हणून आज शनिवारी चहा घेऊन नीट बसलेय. तू लिहिलंयस की २०२२ ला मेकॅनिकल बीई झालीस, ऐरोलीला राहतेस, महापेला ऑटोमेशन कंपनीत सर्व्हो ड्राइव्ह आणि पीएलसीवर, म्हणजे मशीनच्या मोटरी आणि त्या चालवणाऱ्या कंट्रोलरवर काम करतेयस, आणि आता एक्सोस्केलेटन, एक्सोसूट वगैरे अंगावर घालायच्या यंत्रांच्या डिझाइन आणि कंट्रोलमध्ये रिसर्च करायचाय. देश कुठला, मास्टर्स की डायरेक्ट पीएचडी, पैसे किती, आईला कसं समजावू, आणि "माझं कंट्रोल चांगलं आहे, तेवढं पुरेल का", कंट्रोल म्हणजे मशीनला हवं तसं वागायला लावायचं शास्त्र. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण बाकीचं सगळं त्यावरच ठरणारे. नाही पुरणार.

मी कळव्याची. २०१८ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सला मास्टर्सला आले, मग इथेच पीएचडी, आता पोस्टडॉक. राहते एन्सखेडेला, पार जर्मनीच्या बॉर्डरला लागून. पण मी या विषयात आले ती कॉलेजमुळे नाही, बाबांमुळे. २०१४ ला बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, तीन-चार महिन्यांत काठी घेऊन चालायला लागले पण उजवं पाऊल वर उचललं जायचं नाही, चालताना बोटं जमिनीला घासायची. याला फूट ड्रॉप म्हणतात हे तेव्हा कळलं. मग मापं घेऊन प्लास्टिकचा स्प्लिंट बनवला, ओपीडीत घालून बाबा इतके छान चालले की आई तिथेच रडली, आणि पंधरा दिवसांत तो स्प्लिंट कपाटात गेला. मी थर्ड इयरला होते, मला फार राग आला, एवढी चांगली वस्तू आहे आणि तुम्ही घालत नाही म्हणून मी त्यांना ओरडले. ते नुसतं "बघू गं" म्हणाले. ते ओरडणं मला अजून आठवतं आणि वाईट वाटतं.

कारण दोष त्यांच्यात नव्हताच. घरात आपण अनवाणी असतो आणि टाइल्सवर ते प्लास्टिक घसरायचं. बाहेर जाताना चपलेत बसायचं नाही, एक नंबर मोठा बूट लागायचा आणि तोही फक्त एका पायाला. मे महिन्यात कळव्याच्या उकाड्यात पोटरीवर पुरळ उठायचं. जेवायला खाली बसता यायचं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ज्या माणसाचा एक हात चालत नाही त्याला ते एका हाताने घालताच यायचं नाही, दरवेळी आईला हाक मारायची आणि ते त्यांना नको असायचं. मेकॅनिकली तो स्प्लिंट अगदी बरोबर होता, घोटा काटकोनात धरून ठेवायचा, पाऊल घासायचं थांबायचं. पण तो पायासाठी बनवला होता, बाबांच्या दिवसभरासाठी नाही. मी आज जो काही रिसर्च करते तो एवढ्याच गोष्टीवर चाललाय असं समज.

आता तुझ्या फील्डचं. तू पेपर वाचायला सुरुवात केलीस म्हणतेस, तर हे चार नीट वाच आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचार, "तुलना कशाशी केलीय?" २०१५ ला 'नेचर'मध्ये स्टीव्ह कॉलिन्सच्या ग्रुपचा पेपर आला, घोट्याला लावायचं यंत्र, ना मोटर ना बॅटरी, नुसती स्प्रिंग आणि क्लच, आणि चालायला लागणारी ऊर्जा साध्या चालण्यापेक्षा ७.२ टक्के कमी झाली. मग २०१७ ला 'सायन्स'मध्ये त्याच ग्रुपचं ह्यूमन-इन-द-लूप ऑप्टिमायझेशन (म्हणजे काय ते खाली सांगते), सरासरी २४ टक्के कमी. सगळे हा २४ चा आकडा तोंडावर फेकतात, पण तिथे तुलना आहे ती तेच यंत्र घालून मदत बंद ठेवून चालण्याशी, शिवाय मोटर अंगावर नाही, बाजूला उभी आणि तिथून केबल येतेय. २०१९ ला हार्वर्डच्या कॉनर वॉल्शच्या ग्रुपचा सॉफ्ट, म्हणजे कापडी, एक्सोसूट आला, एकूण ५ किलो, बॅटरी मोटर सगळं अंगावर, आणि सूट न घालता चालण्याशी तुलना केली तर चालताना ९.३ आणि पळताना ४ टक्के बचत. आणि २०२२ ला कॉलिन्स स्टॅनफर्डला गेल्यावर त्यांच्या ग्रुपचा एक्सोस्केलेटन बुटाचा पेपर, लॅबबाहेर रस्त्यावर चालताना साध्या बुटांच्या तुलनेत १७ टक्के ऊर्जा कमी आणि वेग ९ टक्के जास्त. आता बघ, नुसते आकडे शेजारी ठेवले तर २०१७ जिंकतं, पण कुठल्या माणसाने काय घालून कुठे चालून तो आकडा आला हे वाचलंस की चारही कामांचं वजन वेगळंच दिसतं. इंटरव्ह्यूत प्रोफेसर हेच बघतात गं, खरंच.

२०१७ च्या पेपरमधली आयडिया मात्र मनापासून समजून घे, फार सुंदर आहे. माणूस ट्रेडमिलवर चालतो, तोंडावर मास्क, त्यातून ऑक्सिजन किती घेतला कार्बन डायऑक्साइड किती सोडला ते मोजतात, म्हणजे शरीर किती ऊर्जा खातंय ते कळतं. यंत्र घोट्याला जो टॉर्क, म्हणजे वळवणारा जोर, देतं त्याचे चार पॅरामीटर, जास्तीत जास्त किती, तो कधी, चढायला किती वेळ आणि उतरायला किती. अल्गोरिदम ते बदलत राहतो आणि तासाभरात त्या माणसासाठी चांगलं कॉम्बिनेशन शोधतो. आणि निघालं काय, तर प्रत्येकाचं वेगळं. एकाच यंत्रावर एकाला जे आवडतं ते दुसऱ्याला नको असतं. तू सर्व्हो ट्यून करतेस तेव्हा मशीन तेच असतं, आज ट्यून केलं की उद्याही तसंच वागतं. इथे तुझा प्लांट, म्हणजे ज्याला कंट्रोल करायचं ते, माणूस आहे, तो शिकतो, दमतो, घाबरतो, सवय झाली की वेगळाच चालायला लागतो. कंट्रोलच्या पुस्तकातलं कुठलंही मॉडेल एवढं बदलत नाही.

कंट्रोलचे साधारण तीन मजले धर. सगळ्यात खाली मोटरने सांगितलेला टॉर्क किंवा फोर्स खरंच द्यायचा, इथे तू तयार आहेस, दोन आठवड्यांत हात बसेल. सॉफ्ट सूटमध्ये बऱ्याचदा बोडन केबल असते, म्हणजे सायकलच्या ब्रेकची असते ना तीच, आणि तिचं फ्रिक्शन ती किती वळलीय त्यावर अवलंबून, वळण वाढलं की एक्स्पोनेन्शियली वाढतं, म्हणजे माणूस वाकला की तुझा प्लांट बदलला, म्हणून टोकाला लोड सेल लावतात आणि तिथला फोर्स मोजतात. सिरीज इलॅस्टिक अॅक्च्युएटर म्हणून एक प्रकार आहे, १९९५ ला एमआयटीत प्रॅट आणि विल्यमसन यांनी मांडला, मोटर आणि लोडच्या मध्ये मुद्दाम स्प्रिंग घालायची. तुझ्या कंपनीत कपलिंग जितकं कडक तितकं चांगलं शिकवलं असेल, इथे उलटं, कारण पलीकडे माणसाचं हाड आहे. इम्पीडन्स आणि अॅडमिटन्स कंट्रोल, म्हणजे माणसाने ढकललं तर यंत्राने किती कडक किंवा मऊ वागायचं ते, पक्कं कर, नेव्हिल होगनचे १९८५ चे पेपर त्यासाठी अजून वाचले जातात.

मधला मजला म्हणजे आत्ता पावलाच्या कुठल्या टप्प्यात आहोत ते ओळखायचं, मांडीला नडगीला आयएमयू, म्हणजे हालचाल मोजणारे सेन्सर, लावून. सरळ एका स्पीडने चालत असेल तर हे सोपं आहे, म्हणून अर्धे पेपर ट्रेडमिलवर. वरचा मजला म्हणजे माणसाला आता काय करायचंय, जिना चढायचाय की वळायचंय की थांबायचंय, आणि हे अजून कुणाला धड जमलेलं नाही. सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर उभी राहा आणि लोकांचे पाय बघ. चार पावलं, थांब, आडवं सरक, अर्धं पाऊल, कुणाचा धक्का, मग एकदम दोन पायऱ्या. त्यात एकही स्टेप पेपरमधल्या ग्राफसारखी नसते. मी अजून दर सुट्टीत तिथे उभी राहते, आई हसते, पण माझ्या पीएचडीतला एक आख्खा चॅप्टर, थांबणं आणि निघणं ओळखण्याचा, त्या ब्रिजवर सुचला.

आणि हे तिन्ही मजले ज्या जमिनीवर उभे आहेत ना ती जमीनच मऊ आहे. म्हणजे काय, तर पट्टा. पहिल्या वर्षी मी पोटरीच्या पट्ट्याला केबल अडकवून एक प्रोटोटाइप केला आणि फोर्स ट्रॅकिंग, म्हणजे सांगितला तेवढाच फोर्स मिळणं, काही केल्या सुधारेना, तीन आठवडे मी कंट्रोलरचे गेन, म्हणजे त्याच्या सेटिंगचे आकडे, बदलत बसले. मग एका टेक्निशियनने माझ्या पायावर मार्करने रेघ मारली आणि वीस मिनिटं चालायला लावलं. पट्टा रेघेपासून चार बोटं खाली. पोटरी खाली निमुळती होते, ओढलं की पट्टा घसरतो, एवढंच होतं ते. आणि घसरला नाही तरी मांस दबतं, कातडी ताणते, कापड ताणतं. व्हँडरबिल्ट आणि हार्वर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये मोजलं होतं, सूटच्या टोकाला जेवढी पॉवर पोचते त्यातली जेमतेम निम्मी सांध्याला कामाला येते, बाकी ह्या मऊ थरात जाते, त्यातली थोडी परत मिळते पण हवी तेव्हाच मिळेल असं नाही. कंट्रोलर कितीही हुशार असू दे, पॉवर सांध्यापर्यंत पोचलीच नाही तर तो काय करणार. म्हणून चांगल्या सूटमध्ये सगळा ओढा शेवटी कमरेच्या हाडावर नेऊन टेकवतात, आपल्याकडे बायका पदर खोचून, कळशी कडेवर घेतात ना, तेच हाड, तिथे वजन घसरत नाही.

म्हणून टायटलमध्ये लिहिलंय ते अगदी सिरियसली लिहिलंय. शिवणमशीन शिक. हार्वर्डच्या लॅबमध्ये इंजिनियरांबरोबर कपड्यांचे डिझायनर कामाला आहेत. एन्सखेडे तर मुळात कापडाचंच गाव, इथे एके काळी सूतगिरण्या होत्या, आपल्या गिरणगावासारख्याच त्या बंद पडल्या, पण कापडातलं कळणारी माणसं आणि कोर्स अजून आहेत. मी ठाण्याची, आमच्याकडे रेमंडची मिल होती, बिल्डिंगमधले दोन काका तिथले, पण कापड सरळ दिशेने कमी ताणतं आणि तिरकं जास्त ताणतं हे मला इथे येऊन कळलं, मेकॅनिकलच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. तुझ्याकडे अजून वर्षभर आहे. ओळखीच्या एखाद्या टेलरकडे रविवारी बस, जांभळी नाक्याच्या बाजारात बॅगवाल्यांना लागणारे पट्टे, बकल, वेल्क्रो, इलॅस्टिक सगळं मिळतं, पाच-सातशे रुपयात एवढं येतं की दोन महिने प्रयोग करशील. जाड पट्टा शिवताना टाका कुठे उसवतो ते हाताला कळलं पाहिजे. चपला शिवणारे काका बसतात ना कोपऱ्यावर, त्यांनाही बघ, लोड येणाऱ्या जागी ते कसे टाके घालतात ते.

बरं आता देश आणि पैसे. माझं मत स्पष्ट आहे, देश निवडू नकोस, लॅब निवड, आणि लॅब निवडताना एवढंच बघ की त्यांच्या पेपरमध्ये खरे पेशंट किंवा निदान वेगवेगळ्या वयाची माणसं आहेत का, की सगळे प्रयोग पाच-सहा तरुण विद्यार्थ्यांवर आहेत. जिथे रिहॅब हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि फिजिओथेरपिस्टचं नाव पेपरवर लेखक म्हणून आहे ती लॅब सोन्यासारखी. इथे ट्वेंटे युनिव्हर्सिटीत हर्मन व्हॅन डर कोई यांचा ग्रुप आहे, लोपेस नावाचा चालायला शिकवणारा रोबोट त्यांच्याकडचा, आणि गावातच रोसिंग हे रिहॅब सेंटर आहे. झुरिकला ईटीएच या टेक्निकल युनिव्हर्सिटीत रॉबर्ट रीनर, त्यांनीच सायबॅथलॉन सुरू केली, २०१६ ला झुरिकजवळ क्लोटेनला पहिली झाली, अपंग व्यक्ती यंत्र वापरून रोजची कामं करतात त्याची स्पर्धा, सोफ्यावरून उठणं, जिना, उतार वगैरे. त्याचे व्हिडिओ नक्की बघ, पेपरपेक्षा जास्त शिकशील. अमेरिकेत हार्वर्ड, स्टॅनफर्ड, मिशिगन, जॉर्जिया टेक, व्हँडरबिल्ट. जपानमध्ये त्सुकुबा युनिव्हर्सिटीचे सांकाई, ज्यांनी हॅल नावाचा एक्सोस्केलेटन काढला. इटलीत पिसाची सांताआना ही संस्था.

अमेरिकेत बीईनंतर डायरेक्ट पीएचडीला घेऊ शकतात, पाच-सहा वर्षं, पैसे प्रोफेसरच्या ग्रँटवर, आणि ग्रँटचं सध्या अवघड आहे ते तू वाचतच असशील. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतंच. पण मग पीएचडी ही इथे नोकरी आहे, हे आईला नीट सांग. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षांचं काँट्रॅक्ट, युनिव्हर्सिटीची एम्प्लॉयी, पगार देशभर एका करारात ठरलेला, २०२४ मध्ये पहिल्या वर्षाला महिना २,९०० युरो होता टॅक्स कापायच्या आधी, वर ८ टक्के सुट्टीचा भत्ता आणि वर्षाअखेर ८.३ टक्के. फी नाही. पहिल्या वर्षाच्या आसपास एक गो-नो-गो मीटिंग होते, पीएचडी पुढे चालू ठेवायची की थांबवायची ते ठरवणारी, तिला घाबरायचं नाही पण हलक्यातही घ्यायचं नाही. जागा अॅकॅडेमिक ट्रान्सफर नावाच्या साइटवर येतात, नोकरीसारखा अर्ज करायचा.

खर्च आहे तो मास्टर्सचा. इथे आपल्यासारख्यांना वर्षाची फी वीस हजार युरोच्या आगेमागे, दोन वर्षं, वर राहणं-खाणं. जर्मनीत बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटींना फी नाही, पण बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये सेमिस्टरला १,५०० युरो आहेत आणि म्युनिकच्या टीयूएम या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ पासून बाहेरच्यांना फी लावलीय. जर्मनीसाठी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली डिग्री तपासल्याचा दाखला, आणि ब्लॉक्ड अकाउंट लागतं, वर्षाचे ११,९०४ युरो आधीच तिथे ठेवावे लागतात, मग महिन्याला थोडे थोडे मिळतात. ईटीएचने २०२५ च्या सप्टेंबरपासून परदेशी मुलांची फी तिप्पट केली, तरी सेमिस्टरला २,१९० फ्रँक म्हणजे इथल्यापेक्षा खूपच कमी, पण झुरिकमध्ये राहणं महाग आणि अॅडमिशन अवघड. मी एज्युकेशन लोन आणि जे. एन. टाटा एंडाउमेंटची लोन स्कॉलरशिप घेऊन आले, ती संस्था १८९२ पासून आहे आणि इंटरव्ह्यूला खरंच विषयावर प्रश्न विचारतात. अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, लागू होत असेल तर तिची जाहिरात चुकवू नकोस, अगदी थोडे दिवस खिडकी उघडी असते. मास्टर्सनंतर इथे एक वर्षाचा नोकरी शोधायचा परवाना मिळतो, त्यामुळे लगेच परत जावं लागत नाही.

कन्सल्टंटकडे जाऊ नकोस. मी ठाण्यातल्या एका कन्सल्टन्सीत पैसे भरले होते, त्यांनी माझ्या एसओपीत, म्हणजे मला हे का शिकायचंय ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या लेखात, "लहानपणापासून रोबोट्सची आवड" असं घातलं आणि बाबांच्या स्प्लिंटची गोष्ट काढून टाकली, फार पर्सनल आहे म्हणून. तो एसओपी तीन ठिकाणी गेला, तिन्हीकडून नकार. चौथ्या ठिकाणी मी स्वतः लिहिलेला पाठवला, स्प्लिंट कपाटात का गेला याची पाच कारणं आणि प्रत्येकाला इंजिनियर म्हणून काय करता येईल ते. तिथे अॅडमिशन मिळाली आणि नंतर सुपरवायझरने सांगितलं की त्याला ते पान लक्षात राहिलं होतं.

कागदपत्रांचं एकच सांगते कारण सगळ्यांचं इथेच अडतं. जन्माचा दाखला आत्ताच काढून बघ. माझ्या पालिकेच्या दाखल्यावर माझं नावच नव्हतं, नुसतं आई-वडिलांचं नाव आणि स्त्री, आणि ते टाकून घ्यायला दीड महिना गेला. त्यानंतर राज्याचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो शिक्का. इथल्या नगरपालिकेत नोंदणी करताना तो मागतात, नोंदणीशिवाय बीएसएन, म्हणजे इथला प्रत्येकाचा सरकारी नंबर, मिळत नाही आणि नंबरशिवाय पगार, बँक, इन्शुरन्स सगळं लटकतं. व्हिसाचं बाकी युनिव्हर्सिटीच करते. आणि घर. नेदरलँड्समध्ये घरांची टंचाई खरी आहे, अॅडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी रूमसाठी नाव टाक, बघायच्या आधी कुणालाही डिपॉझिट पाठवू नकोस.

भाषा. सगळे सांगतात की इथे इंग्लिशवर चालतं आणि दुकानात, लॅबमध्ये चालतंही. पेशंटवर नाही चालत. सत्तर वर्षांच्या आजोबांना पॅरालिसिसनंतर स्वतःची डचच धड आठवत नसते, ते इंग्लिश कुठून बोलणार. पहिल्या ट्रायलला मी फक्त बटणं दाबत होते आणि फिजिओ बोलत होती. मला ते सहन होईना, मी संध्याकाळचे क्लास लावले. "दूट हेट पैन", म्हणजे दुखतंय का, हे मी पहिलं वाक्य शिकले. आणि एक गंमत लक्षात आली, म्हणजे माझ्यासाठी फार महत्त्वाची. इथली माणसं तोंडावर सांगतात, हा पट्टा वाईट आहे, मला हे पुन्हा घालायचं नाही. आपल्याकडे कुणी तसं सांगत नाही. सुट्टीत कळव्याला ओळखीच्या दोन आजोबांना मी माझा पट्टा घालून बघायला दिला तर दोघं म्हणाले "छान आहे हो, काही त्रास नाही", आणि काढल्यावर बघितलं तर कातडीवर लाल वळ. मुलगी लांबून आलीय, एवढं शिकलीय, तिला कसं वाईट वाटू द्यायचं. तेव्हापासून मी आपल्या लोकांना "दुखतंय का" विचारतच नाही. कातडी बघते, आणि विचारते, "उद्या सकाळी दूध आणायला जाताना घालाल का?" त्यावर जो एक क्षण थांबतात ना, तेच उत्तर.

तू म्हणालीस जाईपर्यंत काय तयारी करू. पायथन, मॅटलॅब येतंच तुला. ओपनसिम हे शरीराची हालचाल कॉम्प्युटरवर दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, स्टॅनफर्डमध्ये तयार झालंय, त्यात चालण्याचं एक मॉडेल चालवून बघ, कुठला स्नायू कधी काम करतो ते डोळ्यांना दिसतं. ओपनएक्सो म्हणून एक ओपन सोर्स एक्सोस्केलेटन आहे, नॉर्दर्न अॅरिझोना युनिव्हर्सिटीच्या ग्रुपचं, ड्रॉइंग, कोड, पार्टची लिस्ट सगळं टाकलंय. आख्खं बनवायची गरज नाही, एकच सांधा बनव. तुझ्या हाताशी रबाळे एमआयडीसी आहे, तिथल्या छोट्या शॉपमध्ये एक अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट दोन दिवसांत मिलिंग करून मिळतो, इथे मला त्यासाठी तीन आठवडे आधी फॉर्म भरावा लागतो, त्यामुळे आत्ताच हात साफ करून घे. आणि तुझ्या नोकरीतलं रिस्क असेसमेंट, इमर्जन्सी स्टॉप, डॉक्युमेंटेशन, ह्याला कमी लेखू नकोस. २६ मे २०२१ पासून युरोपात मेडिकल डिव्हाइसचे नवे नियम लागू झालेत, लॅबमध्ये बनवलेलं यंत्र पेशंटला घालायचं तर एथिक्स कमिटीला रिस्कची जाड फाइल द्यावी लागते, आणि ज्याला ती लिहिता येते त्याची ट्रायल वर्षभर आधी सुरू होते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि माणसं बघ. हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, केंद्र सरकारची, जुनी संस्था, तिथे कृत्रिम पाय आणि स्प्लिंट बनवणारं वर्कशॉप आहे. पत्र देऊन विचार, शनिवारी येऊन बघू का, मदत करू का. नाही म्हणाले तर ठाण्यात एखाद्या फिजिओकडे विचार. जयपूर फूट बद्दल वाच, १९६८ च्या सुमाराला रामचंदर शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. पी. के. सेठींनी मिळून केला, अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल, मांडी घालता येईल, शेतात चिखलात घालता येईल असा पाय. आज आपल्या फील्डमध्ये यूजर-सेंटर्ड डिझाइन म्हणून जे शिकवतात ते एका कारागिराने आणि एका डॉक्टरने तेव्हा करून दाखवलंय. इथल्या कॉन्फरन्समध्ये मी प्रत्येक वेळी विचारते, तुमच्या यंत्राने जमिनीवर बसता येतं का? बहुतेकदा उत्तर "तसा विचार केला नव्हता" असं येतं. तू आलीस की तूही विचार, दोघी असलो तर जरा जोरात ऐकू जाईल.

आईचं. तिला काळजी कसली आहे ते आधी विचार, पैशाची, लग्नाची की एकटेपणाची, तीन वेगळी उत्तरं आहेत. एकटेपणाचं मी खरं सांगते, डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो आणि पहिला हिवाळा जड जातो. २०२० मध्ये माणसांवरचे सगळे प्रयोग बंद झाले, घरी जाता येत नव्हतं, बाबांना ताप आला होता आणि मी फोनवर नुसती ऐकत होते, तेव्हा सगळं सोडून परत जावंसं वाटलं. आईला हे लपवू नकोस, तिला वाटतंच असतं, आणि तू मान्य केलंस की ती तुझ्या बाजूने होते.

बाबांचं राहिलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मी घरी गेले तेव्हा एक पट्टा शिवून नेला, त्यात मोटर नाही काही नाही, पोटरीवर रुंद कापडी पट्टा, पुढून इलॅस्टिक चपलेच्या अंगठ्यापर्यंत, आणि एकच मोठी कडी जी डाव्या हाताने ओढली की बसते. त्यांच्या फिजिओला दाखवून मगच दिला. रोज नाही घालत, घरात तर नाहीच. पण सकाळी पेपर आणायला खाली जाताना घालतात, स्वतः घालतात. आई सांगते की बूट-चपलांच्या स्टँडवरच ठेवलाय, कपाटात नाही.

मास्टर्सचे अर्ज युनिव्हर्सिटीप्रमाणे डिसेंबर-जानेवारीपासून बंद व्हायला लागतात, म्हणजे दिवाळीपर्यंत तुझा एसओपी तयार हवा. पहिला ड्राफ्ट मराठीत लिहून मला पाठव, खरंच, मराठीत लिही, इंग्लिश नंतर करू. आणि येताना बॅगेत मशीनच्या १८ नंबरच्या सुयांची दोन पाकिटं टाक, माझ्या संपत आल्यात.